हल्ल्यानंतर फाशीला विरोध: केव्हा बोलायचं, काय बोलायचं आणि काम कुठे करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या अतिरेकी हल्ल्यानंतर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे "भर चौकात फाशी द्या" म्हणत होते. तिने लिहिलं की माझा फाशीला विरोध आहे. मामांनी विचारलं, "तुझ्या घरातलं कोणी गेलं असतं तर?" ती गप्प झाली. आता तिला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. अशा वेळी विरोध करणं हा मेलेल्यांचा अपमान आहे का? आरोपी रंगेहाथ सापडला असेल तर विरोध टिकतो का? आणि मत मांडण्यापलीकडे काही करता येतं का?

मी फौजदारी वकिली करतो. खालच्या कोर्टात फाशी झालेल्यांची उच्च न्यायालयातली प्रकरणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणजे मी तटस्थ नाही, माझा फाशीला विरोधच आहे. पण हा विरोध कोर्टात दुसऱ्या बाजूच्या वकिलासमोर आणि मृतांच्या नातेवाइकांसमोर उभं राहून करावा लागतो, त्यामुळे कुठला मुद्दा टिकतो आणि कुठला पहिल्याच प्रश्नाला कोसळतो, हे बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे.

आधी मूळ अडचण. हल्ल्यानंतर तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. हे कोणी केलं? पकडलेल्या माणसाने ते केलं हे पुराव्याने सिद्ध झालं का? आणि सिद्ध झालं तर शिक्षा काय? पहिल्या दिवशी "फाशी द्या" लिहिलं जातं तेव्हा पहिल्या प्रश्नाचंही उत्तर कोणाकडे नसतं. तुम्ही मात्र थेट तिसऱ्या प्रश्नाला हात घालता, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही पकडलेल्या माणसाची बाजू घेताय. वाद तिथेच बिघडतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात "माझा फाशीला विरोध आहे" हे वाक्य लिहू नये, असं माझं मत आहे. भीतीपोटी नाही. त्या आठवड्यात फाशीचा प्रश्न कोणासमोर आलेलाच नसतो. समोर असते मृतदेहांची ओळख, डीएनए जुळवणी, जखमींची बिलं, मृत्यूचे दाखले. त्या वेळी तात्त्विक भूमिका मांडली की दुःखात असलेल्या माणसाला ती आपल्या दुःखावर केलेली टिप्पणी वाटते, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

पण त्या आठवड्यात बोलण्यासारखं दुसरं बरंच असतं, आणि पुढे फाशीच्या टप्प्यावर त्याचाच उपयोग होतो. उदाहरणार्थ, संशयिताचा चेहरा टीव्हीवर दाखवू नका. ओळख परेडचं तत्त्व साधं आहे. साक्षीदाराने घटनेनंतर त्या माणसाला पहिल्यांदा परेडमध्येच पाहायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका आरोपीसाठी किमान सहा डमी (गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं) उभे करायचे, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि ते अंगकाठीने व वयाने साधारण सारखे हवेत. फोटो आधीच वर्तमानपत्रात आला असेल तर साक्षीदार माणूस ओळखत नाही, फोटो ओळखतो, आणि बचावाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ते बाहेर काढतो. तसंच कोठडीतला कबुलीचा व्हिडिओ. पोलिसांसमोर दिलेली कबुली सर्वसाधारण कायद्यात पुरावा नसतेच. नव्या पुरावा कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आजही तेच आहे. तो व्हिडिओ फिरवून खटला मजबूत होत नाही, कमजोर होतो. "खरा गुन्हेगार सुटू नये म्हणून हे करू नका" हे संतापलेल्या मामांनाही पटतं. एरवी ज्यांच्याशी एकही मुद्दा जुळत नाही त्यांच्याशी इथे जुळतो.

आता फाशीच्या विरोधातला माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार मुद्दा. ज्या खटल्यावर देशाचा सगळ्यात जास्त राग एकवटलेला असतो, त्याच खटल्यात चूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ऐकायला हे उलटं वाटतं. मोठा गुन्हा, मोठा तपास, उत्तम अधिकारी, मग चूक कशी होईल? पण प्रत्यक्षात काय झालं ते बघा.

अक्षरधाम मंदिरावर २४ सप्टेंबर २००२ ला हल्ला झाला, तीसहून अधिक माणसं गेली. दोन्ही हल्लेखोर जागीच मारले गेले. नंतर कट रचल्याबद्दल सहा जणांवर पोटा या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालला, २००६ मध्ये त्यांतल्या तिघांना फाशी झाली, २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या निकालातला एक तपशील मी कनिष्ठ वकिलांना नेहमी वाचायला लावतो. हल्लेखोरांच्या खिशात सापडलेली उर्दू पत्रं हा आरोपींना हल्ल्याशी जोडणारा महत्त्वाचा दुवा होता. हल्लेखोरांच्या कपड्यांची गोळ्यांनी चाळण झालेली, रक्त आणि माती लागलेली. त्याच खिशातली पत्रं मात्र अखंड आणि स्वच्छ. खालच्या कोर्टाने हे पाहिलं, उच्च न्यायालयाने पाहिलं, आणि तीन माणसांचा फाशीपर्यंतचा प्रवास चालू राहिला.

मुंबईत ११ जुलै २००६ ला लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक प्रवासी गेले. ३० सप्टेंबर २०१५ ला मोक्का (राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. हे सगळं नीट सांगावं, अर्धवट नाही, कारण समोरचा अर्धा भाग गुगलवर शोधून तुम्हाला खोटं पाडेल. उच्च न्यायालयाने नोंदवलेली कारणं कुठल्याही हल्ल्याच्या तपासाला लागू पडतील अशी आहेत. ज्यांच्या साक्षीवर भिस्त होती ते टॅक्सीचालक शंभरहून अधिक दिवसांनी चेहरे आठवत होते. ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता. वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी शब्दशः जुळत होते. आणि बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

राजीव गांधी हत्येच्या खटल्यात टाडा (पोटाच्या आधीचा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने २८ जानेवारी १९९८ ला सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी दिली. पुढच्याच वर्षी, मे १९९९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली, एकोणीस जणांना सोडलं. त्या चौघांपैकी एकाचं वय घटनेच्या वेळी १९ होतं आणि त्याच्याविरुद्धचा कळीचा पुरावा होता नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या विकत आणल्याची कबुली. ती कबुली नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानेच २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की या बॅटऱ्या कशासाठी लागणार हे आपल्याला माहीत नव्हतं, असं आरोपी म्हणाला होता आणि ते वाक्य आपण लिहून घेतलं नाही. तो माणूस मे २०२२ मध्ये सुटला. २०१४ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे त्याची फाशी रद्द झाली होती, म्हणून सुटायला जिवंत तरी राहिला.

असं का होतं? माझ्या कामातून दिसणारी कारणं चार आहेत, आणि ती एकमेकांना बळ देतात. अटक लवकर दाखवायचा दबाव असतो, त्यामुळे तपास पुराव्यापासून माणसाकडे जाण्याऐवजी माणसापासून पुराव्याकडे जातो. मग विशेष कायदा लावला जातो. टाडा आणि पोटा गेले, पण मोक्काच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली आजही पुरावा ठरते, आणि कबुली चालते म्हटलं की बाकीचा पुरावा गोळा करण्याची निकड संपते. तिसरं, वकील मिळत नाही. २६/११ नंतर कसाबचं वकीलपत्र घ्यायला सुरुवातीला कोणी पुढे येईना, आणि तयार झालेल्या वकिलाच्या घरापुढे निदर्शनं झाली. वकील संघटना "आम्ही कोणी हा खटला घेणार नाही" असे ठराव करतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव बेकायदा आणि व्यवसायाच्या नीतीविरुद्ध ठरवले, तरी ते होतच राहतात. चौथं कारण शिक्षेच्या सुनावणीचं, त्याकडे शेवटी येतो.

इथे एक सावधगिरी. मी वर दिलेली उदाहरणं पाहून "निर्दोष माणूस फासावर जाऊ शकतो" एवढ्यावर सगळा विरोध उभा करण्याचा मोह होतो. तसं करू नका. कारण मामा लगेच म्हणतील, "बरं, मग कसाबचं काय? त्याचा तर सीएसएमटीवरचा फोटो आहे." आणि तुमच्याकडे उत्तर उरणार नाही. ज्याचा दोष नि:संशय आहे त्याच्या बाबतीतही तुमचा विरोध टिकायला हवा, नाहीतर तो फाशीला विरोध नाही, तपासातल्या ढिलाईला आहे.

२६/११ च्या खटल्याबद्दल आधी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना आठवते. त्या खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपीही होते, स्थानिक मदत केल्याचा आरोप असलेले. १६६ माणसं मेलेली, सगळा देश पाहत असलेला खटला, तरी विशेष न्यायालयाने त्या दोघांना पुराव्याअभावी सोडलं, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. म्हणजे संतापाच्या भरातही पुरावा नीट तपासता येतो. सगळं कोर्ट रागात वाहून जातं असं म्हणणं चूक आहे आणि तुम्ही ते म्हणू नका.

आता कसाब. ६ मे २०१० ला फाशीची शिक्षा, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी. त्याच्या दोषाबद्दल मला शंका नाही. तरी ती फाशी नको होती असं मी म्हणतो, आणि त्याची कारणं अशी.

कायदा एका माणसापुरता लिहिता येत नाही. "शंभर टक्के खात्री असेल तरच फाशी" असं कलम लिहून उपयोग नाही, कारण फाशी देणाऱ्या प्रत्येक कोर्टाला तशी खात्री वाटलेलीच असते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी दिलेल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांचं प्रकरण घ्या. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट सहाही जणांना फाशी दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. देशातल्या सर्वोच्च कोर्टाची खात्री दहा वर्षांत पूर्ण उलटली. कसाबला फासावर देणारं दार उघडं ठेवायचं तर या सहा जणांसाठीही ते उघडंच राहतं.

आणि ते दार रुंद होत जातं. पेशावरच्या शाळेवर १६ डिसेंबर २०१४ ला हल्ला झाला, सव्वाशेहून अधिक मुलं मारली गेली. पाकिस्तानने दुसऱ्याच दिवशी फाशीवरची अनेक वर्षांची अघोषित बंदी उठवली, फक्त दहशतवादाच्या खटल्यांसाठी. मार्च २०१५ मध्ये ती सगळ्याच गुन्ह्यांसाठी उठली. पहिल्याच वर्षात तीनशेहून अधिक जणांना प्रत्यक्ष फासावर दिलं गेलं, आणि त्यातल्या बहुतेकांचा दहशतवादाशी संबंध नव्हता.

जरब बसण्याचा मुद्दा इथे चालतच नाही. कसाबसह दहा जण समुद्रमार्गे आले ते मरण्याच्या तयारीने आले होते, नऊ जण मेलेही. मरायला निघालेल्याला मरणाची भीती घालून काय साधणार? उलट जिवंत गुन्हेगाराकडून काय मिळू शकतं ते डेव्हिड हेडलीच्या बाबतीत दिसलं. हल्ल्यासाठी मुंबईची पाहणी करणारा हा माणूस. अमेरिकेत फाशी मागायची नाही या अटीवर त्याने गुन्हा कबूल केला, २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओद्वारे मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली. प्रत्येक कैदी असं बोलेल असं नाही. पण फासावर गेलेला नक्कीच बोलणार नाही.

एक प्रतिवाद मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. जिवंत अतिरेक्याला सोडवायला त्याचे साथीदार विमान पळवतील, जसं डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला झालं. हा धोका खरा आहे. पण त्या वेळी सोडावा लागलेला मसूद अझर १९९४ पासून तुरुंगात होता आणि त्याला कुठल्याही खटल्यात फाशी झालेली नव्हती. फाशीची तरतूद कायद्यात तेव्हाही होतीच. असा धोका अटकेपासून अपील संपेपर्यंतच्या सगळ्या वर्षांत असतो, आणि त्यावर उपाय तुरुंगाची सुरक्षा आणि वेगाने चालणारा खटला हा आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध वगळता सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली. दहशतवाद वेगळा काढायला शिक्षाशास्त्राच्या दृष्टीने ठोस आधार नाही हे त्याच अहवालात मान्य केलं आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या चिंतेपोटी तो अपवाद ठेवला गेला. मला तो पटत नाही, पण या विषयावर बोलताना त्याचा उल्लेख टाळू नये.

शेवटचं कारण युक्तिवादाचं नाही. हात बांधलेल्या, कुणालाही इजा करू न शकणाऱ्या माणसाला ठरलेल्या वेळी नेऊन मारणं हे माझ्या नावाने, माझ्या देशाने करू नये असं मला वाटतं. तो माणूस कितीही नीच असला तरी. हे ज्याला पटत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही, पण ते लपवतही नाही.

मग "सोडून द्यायचं का?" असा प्रश्न येतो, कारण जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं असा समज घट्ट आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं ही अशा गुन्ह्यांत शिक्षेत सूट मागण्याआधीची किमान मुदत आहे, सुटकेची तारीख नाही. शिवाय २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून, आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ते मान्य केल्यावर, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय २५, ३० वर्षं किंवा मरेपर्यंत कुठलीही सूट मिळणार नाही अशी जन्मठेप देऊ शकतं. सत्र न्यायालयाला तो अधिकार नाही. मग "पोसायचं कशाला" हा प्रश्न येतो आणि बिर्याणी निघते. कसाबने बिर्याणी मागितली ही गोष्ट आपणच रचली होती, हे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः सांगितलं. घरच्या गप्पांत एवढी एक माहितीही पुष्कळ काम करते.

आता मामांचा प्रश्न. "तुझ्या घरातलं कोणी गेलं असतं तर?" याला खरं उत्तर द्या: मलाही त्याचा जीव घ्यावासा वाटला असता. म्हणूनच कायदा ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवत नाही. दुसरं, पीडितांचे नातेवाईक एका सुरात बोलतात असं धरून चालू नका, आपल्या बाजूनेही नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटात आठ वर्षांचा मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी २०१५ मध्ये जाहीर विनंती केली होती की फाशीची मागणी सोडा, नाहीतर अपिलांमध्ये आमची वर्षं जातील. फाशी झालीच, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली, आणि २०२४ मध्ये प्रकरण चौकशीसाठी परत खाली गेलं. तरी या आईवडिलांचं उदाहरण फाशी मागणाऱ्या आईच्या तोंडावर फेकू नका. तिला ती मागण्याचा पूर्ण हक्क आहे. तिला आपण एवढंच देऊ शकतो की तिच्या मुलाला खरोखर कोणी मारलं हे नीट शोधलं जावं. लोकल स्फोटातल्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनी कळलं की शिक्षा झालेल्यांविरुद्धचा पुरावा उच्च न्यायालयात टिकला नाही. त्यांचंही नुकसान त्याच घाईने केलं. "अपमान होतो का" या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे.

शेवटी काम. फाशीची खरी लढाई शिक्षेच्या सुनावणीत होते, आणि तिथे आपल्याकडे कमालीची घाई असते. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) कलम २५८(२) ते सांगतं, आणि ३९३(३) प्रमाणे फाशी द्यायची तर खास कारणं लिहावी लागतात. १९८० च्या बचन सिंग निकालाने सांगितलं की गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा, आणि तो सुधारण्यापलीकडे गेला आहे हे सरकारने दाखवायचं. मग १९८३ च्या माछी सिंग निकालात समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरल्याची भाषा आली, संसदेवरील हल्ल्याच्या २००५ च्या निकालात ती पुन्हा आली, आणि सुनावणीचा रोख माणसावरून जनमताकडे सरकला. जनमत कोर्टात मोजायचं कसं? त्याचा साक्षीदार नसतो, उलटतपासणी नसते.

मे २०२२ च्या मनोज निकालाने याला थोडा आळा घातला. आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल, लहानपण, शिक्षण, घरची परिस्थिती, कमाई, आधीचे गुन्हे ही माहिती आता सरकारने आणि बचावाने कोर्टासमोर ठेवायची असते. ती गोळा करायला महिने लागतात. गावी जाऊन आई, भावंडं, शिक्षक, जुना मालक यांना वेगवेगळं भेटावं लागतं, आणि पहिल्या भेटीत कोणी खरं सांगत नाही. घरातली मारहाण, आजार, दारू ही तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येते. दवाखान्याचे कागद बहुधा हरवलेले असतात. शाळेची नोंदवही मात्र आश्चर्य वाटावं इतकी टिकते, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या दिवशी मागवावा.

त्याचं महत्त्व केवढं? पुण्यात १९९४ मध्ये एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली, शहर हादरलं, आरोपीला फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयातही टिकली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राजस्थानातल्या शाळेची नोंद ग्राह्य धरून ठरवलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अपील संपल्यावरही मांडता येतो, हे लक्षात ठेवा.

दयेच्या अर्जाचा टप्पाही असाच वेळेचा आहे. नव्या संहितेच्या कलम ४७२ प्रमाणे तुरुंग अधीक्षकाने निकाल कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा, आधी राज्यपालांकडे, तो फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यातल्या अफझल गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ ला फाशी दिली गेली तेव्हा घरच्यांना स्पीड पोस्टने पाठवलेलं पत्र नंतर पोहोचलं. जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालापासून दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि अंमलबजावणी यांत किमान १४ दिवस सोडावे लागतात. ते दिवस कोर्टात जाण्यासाठी असतात.

तुम्ही विद्यार्थिनी आहात, तेव्हा आजच करण्यासारखं काम आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन फाशीच्या खटल्यांत वकील कोण देतं, त्याला तपासासाठी पैसे मिळतात का, हे विचारा. तुमच्या महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असेल तर मुलाखती घेणारे, कागद मिळवणारे हात त्या वकिलाला हवेच असतात. आणि सत्र न्यायालयांची फाशीची निकालपत्रं उतरवून वाचायला लागा. प्रत्येकात चार गोष्टी टिपा: दोषी ठरवल्याची तारीख आणि शिक्षेची तारीख यांत किती दिवस गेले, मानसिक तपासणीचा अहवाल कोर्टासमोर होता का, आरोपी सुधारू शकणार नाही याबद्दल सरकारने कुठला पुरावा दिला, आणि जनक्षोभाचा उल्लेख किती वेळा आला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या सुनावणीला पुरेसा वेळ देण्याचा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सांगितलं की मनोज निकालातल्या सूचना पाळल्या गेल्या नसतील तर शिक्षेचा मुद्दा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उघडता येतो. म्हणून मे २०२२ आधी फाशीची शिक्षा झालेल्यांच्या निकालपत्रांपासून सुरुवात करा. कुठलं प्रकरण पुन्हा उघडता येईल हे शोधायला तुमचे हे टिपण थेट उपयोगी पडेल.